गाव तिथेच, पत्ता मात्र बदलला

प्रश्न : गावाची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून काही वर्षांपूर्वी मी मेडशीचं छोटं संकेतस्थळ तयार केलं. त्यात जिल्ह्याच्या आणि शेतीविषयक पानांचे बरेच दुवे दिले होते. आता कितीतरी दुव्यांवर टिचकी मारली की ‘४०४’ येतं. ही पानं जातात कुठे? आणि मोडके दुवे शोधून दुरुस्त कसे करायचे?
– एक वाचक, मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशिम)

उत्तर : पुष्कळदा पान कुठेच गेलेलं नसतं, फक्त त्याचा पत्ता बदललेला असतो. तुमच्या गावाचंच बघा. जून १९९८ पर्यंत मेडशीच्या पत्त्यात ‘जि. अकोला’ लिहीत. १ जुलै १९९८ला वाशिम जिल्हा झाला आणि पत्ता बदलला, पण गाव तसूभरही हललं नाही. जुन्या पत्त्याचं पत्र आलं तरी टपालखात्यातल्या माणसाला ते कुठे धाडायचं हे कळतं. संगणकाला ते कुणीतरी सांगून ठेवावं लागतं. सांगितलं नसेल, तर तो जुन्या दारावरून परत फिरतो.

जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळाचंही असंच झालं. पूर्वी त्याच्या नावाच्या शेवटी ‘एनआयसी डॉट इन’ होतं, आता ‘जीओव्ही डॉट इन’ आहे. तेव्हा तो जुना शेवट असलेले दुवे आधी वेगळे काढा.

‘४०४’चा अर्थ नीट लक्षात घ्या. समोरचा सर्व्हर चालू आहे, त्याला तुमची मागणी पोचली, पण त्या पत्त्यावर पान नाही, असं तो सांगतो. सर्व्हरच सापडत नसेल, तर बहुधा संकेतस्थळ बंद पडलंय किंवा नावाचं नूतनीकरण राहिलंय.

मराठी पत्त्यांना आणखी एक धोका असतो. पत्त्यात ‘मेडशी’ असं देवनागरीत असेल, तर संगणक त्यातल्या ५ चिन्हांचे १५ बाइट करतो आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह धरून ३ अक्षरांत लिहितो. म्हणजे एवढ्याशा नावाची ४५ अक्षरं होतात! लांब मथळ्याचा असा पत्ता व्हॉट्सअॅपवरून उचलून चिकटवताना शेपूट तुटलं की दुवा मोडलाच. म्हणून नव्या पानांचे पत्ते आखूड ठेवा.

आता शोधायचं कसं? डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा ‘लिंक चेकर’ फुकट आहे. त्यात तुमच्या पानाचा पत्ता घातला की तो प्रत्येक दुवा तपासून यादी देतो. तुमच्या स्वतःच्या हरवलेल्या पानांची यादी गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये मिळेल. पण यादीवर डोळे झाकून विसंबू नका. काही संकेतस्थळं अशा यंत्रांना दारातच अडवतात, त्यामुळे चांगला दुवाही मोडका दिसतो. उलट, सुटलेलं नाव दुसऱ्याच कुणीतरी घेऊन तिथे जाहिराती लावल्या असतील, तर यंत्र ‘ठीक’ म्हणतं. महत्त्वाचे दुवे स्वतः उघडूनच बघा.

दुरुस्ती घरापासून सुरू करा. तुम्हीच एखादं पान हलवलं असेल, तर जुन्या पत्त्यावर ‘३०१’ची सूचना लावा. ‘हे पान कायमचं इकडे गेलं आहे’ असा त्याचा अर्थ. मग जुन्या दुव्यावरून येणारा वाचक आपोआप नव्या पानावर पोचतो. बाहेरच्या पानासाठी त्याचा मथळा अवतरणचिन्हांत घालून शोधा. नाहीच सापडलं, तर ‘इंटरनेट अर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जुना पत्ता टाका. १९९६पासून ही संस्था जगभरच्या पानांच्या प्रती साठवते आहे. तिथली प्रत जोडलीत, तर ती कोणत्या तारखेची आहे हेही लिहा. योजनेची जुनी मुदत आजची समजून कुणी फसायला नको. काहीच मिळालं नाही, तर दुवा काढा, माहिती मात्र ठेवा आणि ती कुठून घेतली होती ते शब्दांत नोंदवा.

हे सगळं फक्त तुमच्याच वाट्याला आलेलं नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं उघडेनाशी झाली होती. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर १९९८मध्येच बजावलं होतं की पत्ते बदलू नयेत.

मोठ्या शहराची एक वाट बुजली तर दहा दुसऱ्या असतात. मेडशीसारख्या गावाबद्दल मुळात पानंच मोजकी, म्हणून तुमचा एकेक दुवा मोलाचा आहे. एक सवय लावून घ्या : दरवर्षी १ जुलैला, जिल्ह्याच्या वाढदिवशी, सगळे दुवे तपासा आणि जे चालतात त्यांची प्रत वेबॅक मशीनमध्ये साठवून ठेवा. पुढच्या वेळी पत्ता बदलला, तरी पान हातचं जाणार नाही.