पावसाळाभर उभी बुलेट आणि धुराचा लोट

प्रश्न : वडिलांची 1974ची बुलेट 350 पावसाळ्यात घरच्या पडवीत उभी असते. दिवाळीला किक मारली की निळा धूर निघतो. टाकीत कांडी घातली तर ऑइल गायब! ऑइल पंप बदलावा का?
– एक वाचक, वसई

उत्तर : लगेच नको. या इंजिनाची ऑइल टाकी क्रँककेसमध्येच, पण वेगळ्या कप्प्यात असते. पंप दोन असतात : एक ऑइल क्रँककडे पाठवतो, दुसरा, जास्त क्षमतेचा, ते परत टाकीत आणतो. पहिल्या पंपाची डिस्क झिजली की गाडी उभी असताना ऑइल हळूहळू खाली क्रँककडे झिरपतं आणि किक मारल्यावर तेच जळून धूर होतो. कांडी कोरडी दिसली म्हणून वरून ऑइल ओतू नका. इंजिन पाचेक मिनिटं चालवून मग पातळी पाहा. धूर तेवढ्यात थांबला तर परतीचा पंप ठीक आहे. नाहीच थांबला तर पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह गाइड तपासून घ्या.

चार महिने उभ्या गाडीच्या क्रँककेसचा ड्रेन बोल्ट किक मारण्याआधी उघडा. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी मुरलंय. आपल्या दमट हवेत हे नेहमीचंच. मग सगळं ऑइल बदला, नमद्याचा फिल्टरही. फिल्टरचं रबर वॉशर आणि स्प्रिंग जागेवर बसवा, नाहीतर ऑइल न गाळताच पुढे जाईल. इंजिन सुरू करण्याआधी फिल्टरच्या पोकळीत ऑइल भरा. ती रिकामी राहिली तर क्रँकवरचं बिग एंड बेअरिंग सुरुवातीला कोरडंच फिरतं.

झिरप फार असेल तर मेकॅनिककडून डिस्क बारीक ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवून घ्या. नवा पंप हा शेवटचा उपाय.