विश्व चालते की चालवले जाते? : मराठीतील यंत्ररूपके आणि विश्वकल्पना

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास

• 'यंत्र', 'कळ' आणि 'रहाट' या शब्दांची घडण व अर्थविस्तार सांगता येईल.
• क्रियापदांच्या प्रकारांच्या आधारे यंत्ररूप विश्वकल्पनांचे वर्गीकरण करता येईल.
• भास्कराचार्य, ज्ञानेश्वर, महानुभाव तत्त्वज्ञान आणि आधुनिक कल्पनाकथा यांतील विश्वचित्रांची तुलना करता येईल.
• दैनंदिन बोलण्यात वाक्याचा खरा कर्ता केव्हा दृष्टीआड होतो, हे ओळखता येईल.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण रूपकाचा विचार एक अलंकार म्हणून केला. परंतु रूपक केवळ काव्याची शोभा वाढवण्यासाठी नसते. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या अभ्यासकांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, रूपक ही विचार करण्याचीच एक रीत आहे. अपरिचित आणि अफाट गोष्ट आपण परिचित आणि हाताळता येणाऱ्या गोष्टीच्या साहाय्याने समजून घेतो.

विश्वाहून अफाट असे काय आहे? म्हणूनच माणसाने विश्वाला कधी वृक्ष म्हटले, कधी अंडे म्हटले, कधी नाटक म्हटले. यंत्र हे अशाच रूपकांपैकी एक. सृष्टी हे एक प्रचंड यंत्र असून माणूस त्यातील लहानसा दाता आहे, अशी श्रद्धा बाळगणारे समाज अनेक कल्पनाकथांत आढळतात. मात्र ही कल्पना आधुनिक कारखान्यांबरोबरच जन्मली, असा समज करून घेऊ नये. मराठी भाषेला ती शतकानुशतके परिचित आहे.

'विश्व हे यंत्र आहे' असे म्हणताच एक प्रश्न उभा राहतो : हे यंत्र आपोआप चालते की कोणी ते चालवतो? या एका प्रश्नाच्या आधाराने आपण पुढील विवेचन करणार आहोत. कोणत्याही श्रद्धेची सत्यासत्यता ठरवणे हे या घटकाचे प्रयोजन नाही. ती श्रद्धा कोणत्या भाषेत मांडली जाते, एवढेच आपणास पाहावयाचे आहे.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ तीन शब्दांची घडण

'यंत्र' हा शब्द संस्कृतातील 'यम्' या धातूपासून आला आहे. या धातूचा अर्थ आवरणे, ताब्यात ठेवणे असा आहे. म्हणजे यंत्र हे मुळात गतीचे नव्हे, तर नियमनाचे साधन होय. 'नियंत्रण' आणि 'यंत्रणा' हे शब्द त्याच कुळातले आहेत. हिंदीत 'यंत्रणा' म्हणजे यातना, तर मराठीत 'यंत्रणा' म्हणजे व्यवस्था. वऱ्हाडातील विद्यार्थ्याच्या कानावर दोन्ही भाषा पडत असल्याने हा भेद त्याला चटकन जाणवेल. एकाच शब्दातून एका भाषेने व्यवस्था उचलली आणि दुसरीने त्या व्यवस्थेत सापडलेल्याचे दुःख उचलले. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या किंवा ताइतात घातलेल्या आकृतीलाही आपण 'यंत्र'च म्हणतो. अदृश्य शक्तींना आवर घालण्याची अपेक्षा तेथेही आहे.

'रहाट' हा शब्द 'अरघट्ट' या संस्कृत शब्दापासून प्राकृतातील 'अरहट्ट' या रूपाच्या मार्गाने मराठीत आला. विहिरीवरील रहाटाच्या माळेतील भरलेली गाडगी वर येतात, रिती होऊन खाली जातात आणि पुन्हा भरतात. संसारातील सुखदुःखांच्या फेऱ्याला 'रहाटगाडगे' म्हणण्याची रीत या दृश्यातून पडली. 'जगरहाटी' हा शब्द उच्चारताना बोलणाऱ्याच्या मनात हेच चक्र कोठेतरी फिरत असते.

'कळ' या शब्दात युक्ती आणि यंत्राचा चालक भाग हे दोन्ही अर्थ आहेत. 'कळ फिरवणे' म्हणजे एका जागी लहानशी हालचाल करून दुसऱ्या जागी मोठा परिणाम घडवणे. 'कळसूत्री बाहुली' या शब्दात तर पडद्यामागच्या हाताची सूचनाच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांची परंपरा आजही जपली आहे.

७.३.२ क्रियापदांचा प्रश्न

आता शब्दांकडून वाक्याकडे वळू. पुढील तीन वाक्ये पाहा.

(अ) उजाडले.
(आ) चाक फिरते.
(इ) कुंभार चाक फिरवतो.

पहिल्या वाक्यात कोण उजाडले, हा प्रश्नच संभवत नाही. क्रियेचा भाव हाच तेथे कर्ता असतो; म्हणून 'उजाडणे', 'सांजावणे', 'गडगडणे' यांना भावकर्तृक क्रियापदे म्हणतात. दुसऱ्या वाक्यात चाक हा कर्ता आहे, पण त्याला कोणी फिरवले याविषयी वाक्य मौन पाळते. हे अकर्मक क्रियापद होय. तिसऱ्या वाक्यातील 'फिरवणे' हे प्रयोजक क्रियापद आहे. क्रिया घडवून आणणारा येथे वाक्यात प्रत्यक्ष उपस्थित आहे.

मराठीत प्रयोजक रूप साधण्याच्या दोन रीती विशेष लक्षात ठेवाव्यात. एक प्रत्ययाची : फिरणे–फिरवणे, चालणे–चालवणे. दुसरी, अधिक जुनी, धातूतील स्वर दीर्घ करण्याची : मरणे–मारणे, तरणे–तारणे, पडणे–पाडणे. केवळ एका कान्याने वाक्यात एक नवा कर्ता प्रवेश करतो. या कान्याचे मोल पुढे स्पष्ट होईल.

भाषेतील क्रियापद माणसाची श्रद्धा ठरवते, असा टोकाचा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. पृथ्वी फिरते हे ठाऊक असूनही आपण सारे 'सूर्य उगवला' असेच म्हणतो. क्रियापद आपणास बांधून ठेवत नाही. ते आपले लक्ष एका दिशेला वळवते आणि दुसऱ्या दिशेवरून काढून घेते.

स्वयंअध्ययन प्रश्न १

१. 'यंत्र' या शब्दाचा मूळ धातू व त्याचा अर्थ सांगा.
२. 'सांजावले' हे कोणत्या प्रकारचे क्रियापद आहे?

७.३.३ 'चालते' : स्वयंवह यंत्राची कल्पना

भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ शके १०७२, म्हणजे इ.स. ११५० मध्ये पूर्ण केला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटणे येथे आहे. या ग्रंथातील गोलाध्यायात यंत्रांविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात एका चाकाचे वर्णन येते : चाकाच्या पोकळ आऱ्यांमध्ये अर्ध्यापर्यंत पारा भरावा, त्यांची तोंडे बंद करावीत आणि चाक आसावर चढवावे, म्हणजे ते स्वतःच फिरत राहील. अशा यंत्राला 'स्वयंवह' अशी संज्ञा आहे. स्वतःच स्वतःला वाहून नेणारे, हा तिचा अर्थ.

बाहेरून ऊर्जा न घेता अखंड फिरणारे चाक अशक्य आहे, हे एकोणिसाव्या शतकात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धान्त मांडला गेल्यावर स्पष्ट झाले. तथापि कल्पना म्हणून हे चाक फार महत्त्वाचे आहे. ग्रहगोल कोणी ढकलल्यावाचून फिरताना दिसतात. तसे फिरणारे काहीतरी माणसाच्या हातून घडावे, ही आकांक्षा त्यामागे दिसते. स्वयंवह विश्वापुढे प्रार्थनेला उत्तर मिळत नाही, कारण उत्तर देणारा कोणी नाही. त्याच्याशी नाते जोडण्याचा मार्ग एकच : गणित.

७.३.४ 'चालवतो' : सूत्रधाराची कल्पना

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्राण्यांना 'यंत्रारूढ' असे विशेषण आले आहे : ईश्वर सर्वांच्या हृदयात राहून, यंत्रावर बसवल्याप्रमाणे त्यांना मायेने फिरवतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या ठिकाणी छायाबाहुल्यांच्या खेळाचे चित्र येते. पडदा मायेचा, सूत्र एकाच्या हाती आणि बाहेर नाचणाऱ्या छाया चौऱ्याऐंशी लक्ष. संस्कृतातील 'यंत्र' हा शब्द मराठी श्रोत्यांसाठी अशा रीतीने एका डोळ्यांनी पाहिलेल्या खेळात उतरला. मूळ गीतेत याच्या लगेच पुढच्या श्लोकात त्या ईश्वराला शरण जाण्याचा उपदेश आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे. ज्या यंत्राला चालक आहे, तेथे विनवणीला जागा असते.

आपल्या वऱ्हाडाशी निगडित दुसरे उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. श्रीचक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांचे वास्तव्य अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे होते. महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र, नित्य पदार्थ मानते. देवता आपापल्या मर्यादेतील फळे देतात. ती भोगून संपली की जीवाचा फेरा पुन्हा सुरू होतो. मोक्ष मात्र केवळ परमेश्वराकडून मिळतो. येथे 'यंत्र' हा शब्द आपण तुलनेसाठी वापरत आहोत, याची नोंद घ्यावी. देवतांच्या फलदानाची व्यवस्था नियमबद्ध आहे. तिच्यातून सोडवणारा मात्र त्या व्यवस्थेच्या पलीकडे आहे. जीव 'तरतो', कारण परमेश्वर त्याला 'तारतो'. तरणे आणि तारणे यांतील काना येथे साऱ्या तत्त्वज्ञानाचा भार वाहतो.

७.३.५ घड्याळाचा वाद

युरोपात हाच प्रश्न घड्याळाच्या रूपकातून मांडला गेला. विश्व हे दैवी प्राण्यासारखे नसून घड्याळासारखे आहे, असे केप्लरने १६०५ साली एका पत्रात लिहिले. पुढे १७१५–१६ मध्ये लायब्निझ आणि न्यूटनचे समर्थक क्लार्क यांच्यात पत्ररूप वाद झाला. न्यूटनच्या देवाला आपल्या घड्याळाला वेळोवेळी किल्ली द्यावी लागते, तर मग तो कारागीर कसला, असा लायब्निझचा आक्षेप होता. देवाच्या सततच्या सांभाळाशिवाय जग चालते असे मानणे म्हणजे देवालाच जगाबाहेर काढणे होय, असे क्लार्कचे उत्तर होते. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे, तर हा 'चालते' आणि 'चालवतो' यांमधील वाद होता.

७.३.६ विसरलेला कर्ता

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांची 'द मशीन स्टॉप्स' ही कथा १९०९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील माणसे जमिनीखाली स्वतंत्र खोल्यांत राहतात. हवा, अन्न, औषध, संभाषण सारे काही यंत्र पुरवते. यंत्राच्या वापराचे माहितीपुस्तक हळूहळू पवित्र ग्रंथ बनते आणि लोक यंत्राची प्रार्थना करू लागतात. हे यंत्र आपल्याच पूर्वजांनी बांधले, असे सांगणारा माणूस त्यांना पाखंडी वाटतो. बिघाड सुरू होतात, तेव्हा लोक तक्रारी करतात आणि अखेर बिघाडांचीही सवय करून घेतात. दुरुस्ती करणारा विभागच नादुरुस्त होतो आणि यंत्र थांबते.

आतापर्यंत पाहिलेल्या दोन प्रकारांहून हा तिसरा प्रकार निराळा आहे. स्वयंवह विश्वाला कर्ता नाही. बाहुल्यांच्या खेळाला कर्ता आहे. फॉर्स्टरच्या जगात कर्ता होता, पण तो विस्मरणात गेला. पहिल्यापुढे गणित चालते, दुसऱ्यापुढे विनवणी चालते. तिसऱ्यापुढे दोन्ही व्यर्थ ठरतात, कारण तेथे गरज असते ती आठवणीची.

७.३.७ भाव पडणे आणि भाव पाडणे

ही गोष्ट कल्पनाकथेपुरती मर्यादित नाही. 'पाऊस पडतो' हे वाक्य निसर्गाविषयी आहे आणि ते योग्य आहे. २०१५ साली मराठवाड्यात कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, तेव्हा 'पाऊस पाडणे' हा प्रयोग रूढ अर्थाने वापरला गेला, कारण तेथे करणारा कोणी होता. आता 'कापसाचे भाव पडले' हे वाक्य घ्या. ते 'पाऊस पडला' या वाक्याच्याच साच्यातील आहे. भाव जणू आभाळातून पडतात.

इतिहास काय सांगतो? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो उतरला. अकोल्याच्या शेतकऱ्याला हे दैवाचे चाक फिरल्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. परंतु त्या चाकामागे युद्ध, गिरण्या, व्यापार आणि राज्यकर्त्यांचे निर्णय होते. १९८०च्या दशकात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने शेतमालाचे भाव धोरणानेच खाली ठेवले जातात, अशी मांडणी केली. तिची अर्थशास्त्रीय चिकित्सा हा वेगळा विषय आहे. भाषेच्या दृष्टीने मात्र ती मांडणी म्हणजे 'पडणे'चे 'पाडणे' करणे होते. आजही कापसाच्या हंगामात आपल्याकडे 'औंदा भाव पडले' आणि 'औंदा भाव पाडले' ही दोन्ही वाक्ये ऐकू येतात. पहिले बोलणारा उसासा टाकून थांबतो. दुसरे बोलणाऱ्याला 'कोणी?' असा प्रश्न लगेच विचारता येतो.

याचा अर्थ प्रत्येक वेळी कोणीतरी दोषी असतोच, असा नव्हे. प्रत्येक संकटामागे गुप्त हात शोधणे हीदेखील एक कल्पनासृष्टीच आहे. जे खरोखर पडते त्याला 'पडते' म्हणावे आणि जे पाडले जाते त्याला 'पाडले' म्हणावे. हा विवेक भाषेच्या अभ्यासकाकडून अपेक्षित आहे.

स्वयंअध्ययन प्रश्न २

१. 'स्वयंवह' या संज्ञेचा अर्थ काय?
२. फॉर्स्टरच्या कथेतील जग 'विसरलेल्या कर्त्याचे' का म्हणता येते?

७.४ सारांश

विश्वाला यंत्र मानणाऱ्या कल्पना वरवर सारख्या दिसतात, पण त्यांतील कर्त्याचे स्थान भिन्न असते. भास्कराचार्यांचे चाक स्वतः चालते. ज्ञानेश्वरांच्या बाहुल्यांना सूत्रधार चालवतो. महानुभाव तत्त्वज्ञानात तारणारा परमेश्वर फलदानाच्या व्यवस्थेपलीकडे आहे. फॉर्स्टरच्या जगात माणसानेच केलेले यंत्र माणसाचा देव बनते. 'जगरहाटी आहे' असे म्हणताना आपण यांपैकी कोणत्या यंत्राविषयी बोलत आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

७.५ पारिभाषिक शब्द

भावकर्तृक क्रियापद : ज्यात क्रियेचा भाव हाच कर्ता असतो असे क्रियापद.
प्रयोजक क्रियापद : कर्ता स्वतः क्रिया न करता ती दुसऱ्याकडून घडवून आणतो, असे दर्शवणारे क्रियापद.
स्वयंवह : स्वतःच्याच बळाने फिरणारे.

७.६ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. यम्, आवरणे, ताब्यात ठेवणे. २. भावकर्तृक.
प्रश्न २ : १. स्वतःच स्वतःला वाहून नेणारे. २. यंत्र पूर्वजांनी बांधले, याचे विस्मरण होऊन लोक त्याची पूजा करू लागतात म्हणून.

७.७ स्वाध्याय

१. 'चालणे' आणि 'चालवणे' या क्रियापदांच्या आधारे यंत्ररूप विश्वकल्पनांचे वर्गीकरण सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'रहाटगाडगे' आणि 'कळसूत्री बाहुली' या रूपकांतील भेद लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या घरात, शेतात किंवा बाजारात आठवडाभर ऐकलेली 'पडले', 'बुडाले', 'थांबले', 'बंद झाले' अशा क्रियापदांची वीस वाक्ये नोंदवा. ज्या वाक्यांत प्रयोजक क्रियापद योजणे अधिक सत्य ठरेल, ती पुन्हा लिहा आणि प्रत्येक वाक्यातील नवा कर्ता कोण, हे सप्रमाण सांगा.