कॅरव्हान पुन्हा बाहेर काढताय? साइट निवडण्याआधी हे पाहा

मुलं लहान असताना दर उन्हाळ्यात निघणारी तुमची कॅरव्हान गेली काही वर्षं स्टोरेजमध्ये उभी होती आणि आता पुन्हा बाहेर पडायचं ठरलंय. मधल्या काळात ब्रिटनमध्ये बरंच बदललं: साइटचे दर, बुकिंगच्या अटी, लायसन्सचा नियमसुद्धा. जुन्या आठवणींच्या भरवशावर साइट निवडू नका.

पहिली साइट घरापासून तासाभराच्या अंतरावरची घ्या. सोमवार ते बुधवार, दोन रात्री, एवढंच. लेक डिस्ट्रिक्ट, कॉर्नवॉल, स्कॉटलंडचा उत्तर किनारा नंतर. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीत काहीतरी निघतंच. पाण्याचा पंप चालत नाही, बॅटरी चार्ज धरत नाही, फ्रिज गॅसवर लागत नाही, हिचलॉकची किल्ली घरीच राहिलेली असते. तासाभरावर असाल तर घरी जाऊन येता येतं. सहा तासांवर असाल तर सुट्टी दुरुस्तीत जाते.

पिच हार्डस्टँडिंगची, म्हणजे खडी घातलेली मागा. गवताची पिच थोडी स्वस्त पडते, पण पावसानंतर चाकं रुततात, मूव्हर जागेवरच फिरतो आणि बाहेर पडायला ट्रॅक्टर लागतो. वॉर्डन साइटवरच राहतो का, तेही विचारा. बरीच वर्षं रिव्हर्स घेतला नसेल तर बुकिंग करतानाच सांगा आणि सरळ आत नेता येईल अशी किंवा वळायला ऐसपैस जागा असलेली पिच मागा. यात संकोच नको. वॉर्डनना हा प्रश्न नवा नाही.

आता पैशांचं. शेतावरच्या छोट्या साइटला रात्रीचे साधारण १५ ते ३० पौंड पडतात. क्लबच्या मोठ्या साइटला हंगामानुसार साधारण २५ ते ५०. समुद्रकाठच्या हॉलिडे पार्कला शाळांच्या सुट्टीत त्याहूनही जास्त. पण जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा तो आकडा कशाचा आहे, हे महत्त्वाचं. काही ठिकाणी दर पिचचा असतो, काही ठिकाणी पिच अधिक माणशी. पुण्याहून आई-बाबा आलेत आणि चौघं जाणार आहात, तर फरक मोठा पडतो. समजा, जाहिरातीत २४ पौंड आहेत आणि त्यात दोन माणसं धरली आहेत. दोन जादा मोठी माणसं प्रत्येकी ८, ऑनिंगचे ५, विजेचे ५. रात्रीचे झाले ५० पौंड. कुत्रा, दुसरी गाडी, वायफाय आणि शॉवरसाठी लागणारी नाणी अजून मोजलेली नाहीत.

कायदा इथे थोडा तुमच्या बाजूने आहे. ६ एप्रिल २०२५पासून जो आकार टाळताच येत नाही, तो जाहिरातीतल्या किमतीत धरावाच लागतो. बुकिंग फी सगळ्यांनाच भरावी लागत असेल तर ती शेवटच्या पानावर अचानक उगवता कामा नये. मात्र ऑनिंग, कुत्रा, जादा गाडी हे ‘ऐच्छिक’ आकार यात येत नाहीत, आणि बिल फुगतं ते तिथेच. म्हणून फोनवर एकच प्रश्न विचारा: आम्ही इतकी माणसं, ऑनिंग आणि विजेसकट, दोन रात्रींचे एकूण किती? तो आकडा ईमेलवर मागून घ्या.

क्लबचं सदस्यत्व घ्यावं का? घ्यावं, पण एकाच क्लबचं. कॅरव्हान अँड मोटरहोम क्लब आणि कॅम्पिंग अँड कॅरव्हानिंग क्लब हे दोन मोठे. वर्गणी वर्षाला साधारण ५० ते ७० पौंड. सदस्य नसाल तर त्यांच्या बऱ्याच साइटवर रात्रीमागे जादा आकार लागतो. सहा-सात रात्री झाल्या की वर्गणी साधारण वसूल होते. खरा फायदा वेगळाच आहे. पहिल्या क्लबच्या ‘सीएल’ आणि दुसऱ्याच्या ‘सीएस’ नावाच्या छोट्या साइट फक्त सदस्यांसाठी असतात. शेताच्या कडेला, एका वेळी जास्तीत जास्त पाच कॅरव्हान. शांत आणि स्वस्त. पण काही ठिकाणी पाण्याचा नळ, टॉयलेट कॅसेट रिकामी करण्याची जागा आणि कचऱ्याचा डबा एवढंच मिळतं. शॉवर नाही, स्वच्छतागृह नाही, कधी वीजही नाही. सेप्टिक टँक असेल तर टॉयलेटचं ठरावीक द्रावणच चालतं. वयस्कर आई-बाबा बरोबर असतील तर रात्री टॉयलेट ब्लॉक किती पावलांवर आहे, हे विचारल्याशिवाय अशी जागा घेऊ नका. माझ्या मते पैशाच्या मानाने याच साइट सगळ्यांत चांगल्या, पण दुसऱ्या फेरीपासून.

वीज किती अँपिअरची आहे, हे नक्की विचारा. १६ अँपिअर म्हणजे साधारण ३,६८० वॉट, १० अँपिअर म्हणजे २,३०० वॉट. घरची किटली एकटीच ३,००० वॉटपर्यंत घेते. म्हणजे १० अँपिअरवर ती लावली की वीज गेलीच. काही ठिकाणी ती परत सुरू करायला वॉर्डनला बोलवावं लागतं, आणि रात्री तो भेटेलच असं नाही. चहा आणि कुकर गॅसवर ठेवा, वीज हीटरला राखा. जुन्या आकाराचं गॅस सिलिंडर अजून बदलून मिळतं का, हे निघण्याआधीच दुकानात विचारून घ्या. साइट मीटरनं वीज देत असेल तर युनिटचा दर विचारा: घरगुती वापराची वीज पुढे विकताना साइटने स्वतः भरलेल्या दरापेक्षा जास्त दर लावायला ऊर्जा नियामक ऑफजेमची मनाई आहे. इलेक्ट्रिक कार पिचवरच्या हूक-अपला लावायला बऱ्याच साइटवर बंदी असते; चार्जिंगची वेगळी सोय आहे का ते पाहा.

बुकिंग करताना एक गैरसमज टाळा. ऑनलाइन खरेदीवर मिळणारा १४ दिवसांचा परतीचा हक्क ठरावीक तारखांच्या मुक्कामाला लागू नाही. रद्द केल्यास किती पैसे कापले जातात, हे पैसे भरण्याआधी वाचा. एकूण किंमत १०० पौंडांच्या वर असेल तर थेट साइटला क्रेडिट कार्डने भरा. साइटने बुडवलं तर १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५खाली कार्ड कंपनीकडे दाद मागता येते. अनोळखी साइटने फक्त बँक ट्रान्सफरच मागितलं तर ती साइट सोडा. बहुतेक ठिकाणी प्रवेश दुपारी एकनंतर आणि जागा सोडायची बारापर्यंत. लवकर पोचलात तर गेटबाहेर थांबायलाही जागा नसते. संध्याकाळी गेट किती वाजता बंद होतं, तेही विचारून ठेवा.

साइट चांगली, पण रस्ता? सॅटनॅवचं ऐकू नका, साइटने दिलेला मार्ग घ्या. यॉर्कशरमधल्या सटन बँकच्या चढावर कॅरव्हानना बंदीच आहे. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट पासचा चढ तीनास एक आहे, आणि ॲपलक्रॉसला जाणारा बेलाख ना बा हा घाटही कॅरव्हानसाठी नाही. आणि स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम करता येतो, असं कुणी सांगितलं तर ती मोकळीक तंबूवाल्यांची. मोटारीला आणि कॅरव्हानला ती लागू नाही.

कागदपत्रं फार नाहीत. लायसन्सबाबत बातमी चांगली आहे. २०००नंतर इथे आलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांनी ब्रिटनची परीक्षा अर्थातच १ जानेवारी १९९७नंतर दिली, त्यामुळे पूर्वी मोठी कॅरव्हान ओढायला त्यांना वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ती अट गेली. ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. पण तुमची कार किती वजन ओढू शकते ही मर्यादा कायम आहे, आणि मध्यंतरी कार बदलली असेल तर ती नव्याने पाहा. टो-बार बसवला असेल तर विमा कंपनीला कळवा. कारचा विमा सहसा कॅरव्हानचं नुकसान भरून देत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. आरशांना एक्स्टेंशन नसेल तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट होऊ शकतात. ओढताना कॅरव्हानच्या आत कुणीही बसायचं नाही, आई-बाबासुद्धा नाही.

टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच वर्षं झाली की बदलावेत आणि सात वर्षांपुढे वापरूच नयेत, असा या धंद्यातला सल्ला आहे. नक्षी नवी दिसली तरी बदला. सर्व्हिसिंगला दोन-तीनशे पौंड धरा, त्यात ओलीची तपासणी समाविष्ट आहे का ते विचारा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नवा घ्या. पाऊस आला म्हणून बार्बेक्यू ऑनिंगमध्ये घेऊ नका. विझत आलेला कोळसाही जीव घेतो.

केव्हा जावं? इंग्लंडच्या शाळा जुलैअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत बंद असतात, तेवढा काळ टाळा. स्कॉटलंडच्या शाळा ऑगस्टच्या मध्यालाच उघडतात, त्यामुळे तिथली स्थानिक गर्दी लवकर ओसरते. सुट्टीचं बंधन नसेल तर सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा: दर उतरलेले, हार्डस्टँडिंग पिच मिळण्याजोग्या आणि पाणी गोठण्याइतकी थंडी अजून दूर. त्या आठवड्यांसाठी आजच दोन जवळच्या साइटना फोन करा आणि एकूण रक्कम लेखी मागा. जी साइट ती देणार नाही, तिथे बुकिंग करू नका.