ओटीपोटाच्या तळाचे दुखणे आणि हाताने होणारा उपचार

पुढे जघनास्थी आणि मागे माकडहाड यांच्यामध्ये झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा जो थर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देतो, त्याला श्रोणितल म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी तो ‘पेल्व्हिक फ्लोअर’ असतो. हा थर सैल पडल्याने त्रास होतो तसाच तो आखडून राहिल्यानेही होतो, आणि या दोन अवस्थांवरचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट आहेत, ही गोष्ट रुग्णाला सहसा सर्वांत शेवटी कळते.

नागपूरच्या प्रताप नगरात राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेच्या बाबतीत हेच घडले. लघवीची जळजळ, सारखे जावेसे वाटणे आणि स्कूटर गतिरोधकावरून जाताना माकडहाडाशी उठणारी कळ ही लक्षणे ऐन मे महिन्यात सुरू झाल्यामुळे घरात ‘उन्हाळी लागली’ असे ठरून धणे-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा सुरू झाला, शेजारणींनी बेंबी सरकल्याचे सांगितले, आणि पुढे लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नसतानाही अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. सोनोग्राफीत काही निघाले नाही, तेव्हा एका दवाखान्यात हाताने तपासणी न करताच छापील कागद देऊन श्रोणितल आवळून सोडण्याचे केगेल व्यायाम करण्यास सांगण्यात आले. ते नेमाने केल्यावर मात्र लघवीची धार सुरू होण्यासच वेळ लागू लागला आणि बैठक मोडून उठणे आणखी कठीण झाले.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला हा व्यायाम मुळात बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंना बळ देण्यासाठी आहे, आणि खोकताना-शिंकताना ज्यांची लघवी निसटते त्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. परंतु जो स्नायू आधीच सुटत नाही त्याला आणखी आवळायला लावल्यास दुखणे वाढते. म्हणूनच अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने वेदनायुक्त मूत्राशयाच्या, म्हणजे जंतुसंसर्ग नसतानाही मूत्राशय दुखत राहणाऱ्या, रुग्णांसाठी दिलेल्या सूचनांत आकुंचनाचे व्यायाम टाळावेत असे स्पष्ट म्हटले आहे. व्यायाम वाईट नाही. तपासणीआधी दिलेला व्यायाम वाईट.

फिजिओथेरपिस्टने करायची ही तपासणी हातमोजा घालून, वंगण लावून, एकाच बोटाने आणि सावकाश केली जाते. योनिमार्गातून, पुरुषांत गुदमार्गातून, श्रोणितलाच्या स्नायूंवर आणि बाजूच्या कुल्ह्याच्या स्नायूवर क्रमाने हलका दाब देत गेल्यावर एखाद्या ठिकाणी ताठ, दोरीसारखा पट्टा लागतो आणि तेथे दाबताच रुग्ण ‘हीच ती कळ’ असे म्हणते, कारण मूत्राशयाचे वाटणारे दुखणे तेथून उठत असते. अशा जागेला ‘ट्रिगर पॉइंट’ म्हणतात. उपचारात त्याच जागी सोसवेल इतकाच दाब धरून ठेवतात, रुग्णेला पोट फुगवून श्वास घ्यायला आणि संथ सोडायला सांगतात, आणि श्वास सोडताना पट्टा बोटाखाली ढिला पडेपर्यंत थांबतात. पोटाची व मांडीच्या आतील बाजूची त्वचा, तसेच सिझेरियनचा जुना व्रण, हे बाहेरून मोकळे करणे हाही याच उपचाराचा भाग आहे. ज्यांना आतील तपासणी नको असेल, अविवाहित मुलींना विशेषतः, त्यांनी तसे सांगावे. बाहेरून आणि श्वसनाने बरेच साधता येते.

या पद्धतीला पुरावा नाही असे नव्हे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका चाचणीत वेदनायुक्त मूत्राशयाच्या ८१ स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना हा स्नायूंवरचा उपचार आणि उरलेल्यांना सर्वांगाचा सामान्य मसाज दिला असता, पहिल्या गटात ५९ टक्के तर दुसऱ्यात २६ टक्के स्त्रियांना स्पष्ट आराम पडला. म्हणजे सर्वांगाची मालिश आणि नेमक्या स्नायूंवरचा हा उपचार यांत फरक आहे. पण उपचार घेऊनही कित्येकींना पुरेसा आराम पडला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

विदर्भात अडचण उपचाराच्या आधीच सुरू होते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार आढळले, मात्र पूर्वी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. तो अभ्यास स्नायूंच्या दुखण्याचा नव्हता. तरी ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ ही समजूत प्रताप नगरसारख्या पावलोपावली दवाखाने असलेल्या वस्तीतही टिकून आहे, आणि हळदीकुंकवाला जमलेल्या बायका गुडघ्यांविषयी जितक्या मोकळेपणी बोलतात तितक्या याविषयी बोलत नाहीत.

उपचारक निवडताना राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी पाहावी आणि श्रोणितलाचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, हे थेट विचारावे, कारण गुडघा-कंबर हाताळणाऱ्या प्रत्येकाला ते असतेच असे नाही. प्रत्येक बैठकीत काय करणार हे आधी सांगितले जाणे, सोबत बाईमाणूस असण्याची मुभा आणि ‘थांबा’ म्हणताच हात थांबणे, यांत तडजोड करू नये. दाब असह्य होऊनही ‘सहन करा’ म्हणणारा उपचारक सोडावा. वेदनेने स्नायू उलट अधिक आखडतो.

जंतुसंसर्ग, गर्भारपण, ताजी शस्त्रक्रिया किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय आतील उपचार घेऊ नये. लघवीतून रक्त, पाळी गेल्यानंतर अंगावरून जाणे किंवा कारणाविना घटणारे वजन असल्यास आधी डॉक्टरांकडे जावे. आणि बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा येऊन लघवी अडकली, तर मणक्यातील नसा दबल्या असण्याची शक्यता असल्याने फिजिओथेरपीची वेळ न पाहता तडक मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, गाठावे.