फोटो कुठं जाणार, ते आधी सांग

भाचेबुवा, सोयाबीनची पट्टी हातात पडली की तुझं मन कॅमेऱ्याकडं धावणार, हे मला ठाऊक होतंच. घ्यायचा की नाही ते तुझं तू ठरव. पण हिंगोलीच्या दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं पक्कं कर, की तू काढलेला फोटो शेवटी जाणार कुठं? मोबाइलच्या पडद्यावर, सरकारी ॲपमध्ये, की अल्बमच्या पानावर? दुकानदार हे विचारत नाही. तो मेगापिक्सेल सांगतो.

साखऱ्यासारख्या गावात राहायचं तर निम्मे फोटो कामाचेच असतात. ई-पीक पाहणीच घे. २०२१च्या १५ ऑगस्टपासून ती राज्यभर आली. पेरा सातबाऱ्यावर चढवायचा तर शेतात उभं राहून फोनवरूनच फोटो द्यावा लागतो, कारण ॲपला फोटोसोबत अक्षांश-रेखांश हवेत. घरकुलाच्या कामाचंही तेच. तिथं लाखाचा कॅमेरा गळ्यात असला तरी काही उपयोग नाही. हळदीवर करपा पडला आणि कृषी सहायकाला पान दाखवायचंय, तरी फोनच. फक्त पान भर उन्हात धरू नकोस, आपल्या सावलीत घे. ठिपक्यावर बोट टेकवून फोकस कर आणि फार जवळ जाऊ नकोस; वीतभर अंतर ठेव, मग कापून मोठं कर. पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ते फोटो दाबून लहान करतं आणि करपा की धूळ हे समोरच्याला कळत नाही.

फोटो घरच्यांपुरते असतील तरी नवा कॅमेरा नको. आहे त्या फोनची काच धुतलेल्या सुती फडक्यानं पूस. खिशातला तेलकटपणा काचेवर बसतो आणि दिव्याभोवती धुरकट वलयं येतात. दोन बोटांनी ताणून झूम करू नकोस, चार पावलं पुढं हो. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरचं कोरीव काम सकाळच्या तिरप्या उन्हात साध्या फोनवरही झकास येतं.

आता लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हणतोस. इथं मात्र गोष्ट बदलते. आत प्रकाश झेलणारी जी चिप असते, तिला सेन्सर म्हणतात. महागड्या फोनमधला सेन्सर साधारण १० बाय ७ मिलिमीटरचा, स्वस्तातला क्षेत्रफळानं त्याच्या निम्मा. साध्या डीएसएलआरमधला २३ बाय १५च्या आसपास, आणि फुल फ्रेमचा ३६ बाय २४. पाऊस सगळीकडं सारखाच पडतो, पण परातीत वाटीपेक्षा जास्त पाणी साठतं. आपला मुलूख निजामाकडं होता तेव्हा छायाचित्रकार राजा दीनदयाळ दरबाराचे फोटो मोठाल्या काचेच्या प्लेटांवर काढायचे. त्यांत दागिन्यांची कलाकुसर आजही स्पष्ट दिसते, ती त्या प्लेटच्या आकारामुळं.

मेगापिक्सेलचा हिशेबही करून बघ. अल्बमचं पान १२ बाय १८ इंचाचं धर. छपाईला इंचात ३०० ठिपके, म्हणजे ३६०० गुणिले ५४००, जवळपास १ कोटी ९४ लाख ठिपके. पन्नास मेगापिक्सेलचा फोन बहुतेक वेळा चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. पडद्यावर तो सुरेख दिसतो, पानभर छापला की मग कळतं. आणखी एक, फोनचा पोर्ट्रेट मोड मागचं खरोखर धूसर करत नाही, अंदाजानं पुसतो. नवरीच्या मुंडावळ्यांची एखादी सर त्यात अर्धी गायब होते. नवरीची आई तो फोटो बघून काय म्हणेल, ते मी सांगायला नको.

पैसा कॅमेऱ्याच्या बॉडीवर उधळू नकोस, लेन्सवर घाल. सोबत येणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ ५.६च्या पुढं उघडत नाही. पन्नास मिलिमीटरची १.८वाली लेन्स तिच्यापेक्षा नऊ-दहा पट उजेड आत घेते, आणि लेन्सांच्या बाजारात ती सगळ्यांत स्वस्तांपैकी एक. अंतरपाट दूर होतो, अक्षता हवेत असतात, त्या क्षणाला ती कामी येते. फ्लॅश मांडवाच्या छताकडं वळवताना कापडाचा रंग बघ; पिवळ्या-गुलाबी कापडावरून आलेला उजेड वऱ्हाडाची तोंडं रंगवतो. फ्लॅशच्या मागं पांढरा पुठ्ठा लाव. सप्ताहात रात्रीचं कीर्तन घेताना फोटोत आडवे पट्टे आले तर घाबरू नकोस. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतो. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेव, पट्टे जातात.

कंपन्या आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडं वळल्यात, म्हणून जुने डीएसएलआर सध्या स्वस्तात मिळतात. जुना घ्यायचा तर दिवसा घे. शटर किती वेळा पडलंय ते विचार. साधी मॉडेलं साधारण लाखभर क्लिकच्या हिशेबानं बनवलेली असतात. लेन्समधून टॉर्च मार, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, सोडून दे. मग एफ १६ वर कोऱ्या आभाळाचा फोटो काढ. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. आणि घेतल्यावर, हळदीचं पॉलिश चालू असेल तिथं लेन्स कधीच बदलू नकोस. ती पिवळी धूळ आत बसली की निघता निघत नाही.

हल्ली वऱ्हाडाला त्याच संध्याकाळी रील हवं असतं. ते फोनवर काढ, चित्र स्थिर राहतं आणि लगेच पाठवताही येतं. म्हणजे कॅमेरा घेतलास तरी फोन सुटत नाही, हे खर्चात धर. बॅटऱ्या दोन, कार्डं दोन, फ्लॅश, लेन्स, अल्बमवाल्याची आगाऊ रक्कम. नुसत्या बॉडीची किंमत ऐकून उडी मारणारे पहिल्याच तिथीला उसनवारी करतात.

तुळशीचं लग्न झालं की तिथ्या सुरू होतात. यंदाचा हंगाम सेनगावच्या एखाद्या फोटोग्राफरच्या हाताखाली काढ, कॅमेरा त्याचा, मेहनत तुझी. पट्टीचे पैसे तोवर बँकेत राहू देत; हरभऱ्याचं बियाणं आणि खत त्यातूनच घ्यायचंय.