शेखिना : देवाची वस्ती कोठे असते?

शास्त्रपाठ : निर्गम २५:१–९, १ राजे ८:२२–३०, मत्तय १८:१९–२०

खेड्यांतील मंडळ्यांस भेटी देताना एक प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. "आमच्या गावी प्रार्थनामंदिर नाही, आम्ही चारपाच माणसे कोणाच्या ओसरीवर बसतो. अशा ठिकाणी देव येतो काय?" आम्ही नाशिकास राहतो. येथे गोदातीरी दूरदूरचे यात्रेकरू येतात. ठराविक स्थळी देव अधिक जवळ असतो, ही समजूत मनुष्याच्या मनात खोल रुजलेली आहे, व ती आपल्याही मनातून पुरती गेलेली नाही. ह्याविषयी यहूदी रब्बींनी काय विचार केला, तो पाहू.

१. शब्दाचा अर्थ. इब्री भाषेत 'शाखन' म्हणजे वस्ती करणे. त्यावरून रब्बींनी 'शेखिना' हे नाम योजिले. हे नाम जुन्या करारात नाही. त्याचे मूळ क्रियापद मात्र निर्गमाच्या पाठात आहे. तेथे लोकांनी मंडप बांधावा असे सांगितले, परंतु देवाने वस्तीचे वचन दिले ते लोकांमध्ये राहण्याचे, हे लक्षात घ्यावे. शेखिना म्हणजे दुसरा देव नव्हे. एकाच देवाचे जवळ असणे होय.

२. मंदिर पडल्यावर. इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमेतील मंदिर जाळले. मग देव कोठे राहिला? रब्बींनी उत्तर दिले की, लोक मिसरात व बाबेलात गेले तेव्हा शेखिनाही त्यांच्याबरोबर गेली. रब्बी हलाफ्ता ह्यांनी शिकविले की, दहा जण शास्त्राभ्यासास बसले तर ती त्यांच्यामध्ये असते; पाच, तीन, दोन, इतकेच नव्हे तर एकटा बसला तरीही असते. देव मोशेशी काटेरी झुडपातून का बोलला? तिच्यावाचून रिकामी अशी जागाच नाही, हे कळावे म्हणून. आजाऱ्याच्या उशाशीही ती असते. ह्यास्तव समाचारास जाणाऱ्याने खाटेवर न बसता आदराने समोर बसावे. पतिपत्नी योग्य रीतीने वागली तर त्यांच्यामध्येही ती वसते.

३. गूढवाद्यांचे मत. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन देशात 'झोहर' नामक ग्रंथ पुढे आला. त्या पंथाच्या मते मनुष्याच्या पापाने शेखिना जणू दुरावते, व प्रार्थना आणि सत्कर्मे ह्यांनी तो दुरावा मिटतो. ह्या मताची सर्व अंगे आपणांस मान्य होणार नाहीत. तथापि भांडणतंट्याने भरलेल्या मंडळीने त्यातील इशारा ऐकावा.

४. आपल्या प्रांतातील दाखला. कोकणातील बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी की, नवगावजवळ तारू फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवीत. ते शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्याजवळ ग्रंथ उरला नव्हता व इब्री भाषाही विसरली होती; परंतु देव एकच आहे अशी साक्ष देणारा 'शमा' त्यांस पाठ होता. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी १७९६ मध्ये बांधिले. डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ मध्ये इब्री भाषेचे व्याकरण मराठीत छापिले. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएल देशी गेले. काही कुटुंबे येथेच आहेत. सभास्थान नसता इतक्या पिढ्या त्यांचा विश्वास कोठे टिकला? घरात, दिव्याजवळ, आणि बंद ठेविलेल्या घाण्यापाशी.

तर बंधुभगिनींनो, मंदिर बांधावयाचे असेल तर अवश्य बांधा; पण ते होईपर्यंत देव वेशीबाहेर थांबला आहे असे मानू नका. दोघेतिघे जमतात तेथील वचन ओसरीसही लागू आहे. ओसरी लहान आहे काय, हे विचारू नका. तीवर बसणाऱ्यांमध्ये वैर आहे काय, हे विचारा.

विचारार्थ प्रश्न : (१) शलमोनाच्या प्रार्थनेत मंदिराविषयी कोणती मर्यादा कबूल केली आहे? (२) आपल्या गावात आजारी कोण आहे, व त्याच्या उशाशी आपण केव्हा गेलो? (३) मंडळीतील कोणता तंटा ह्या आठवड्यात मिटविता येईल?