डॉक्टरकी हुकली म्हणजे शिक्षण संपले काय?

मे-जून महिन्यात बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की आमच्या पेढीवर कापडाच्या भावापेक्षा मुलांच्या मार्कांची चर्चा अधिक होते. दोन वर्षांपूर्वी असेच एक शिंपी भाई आले. अस्तराचे कापड नेणारे हे आमचे जुने गिऱ्हाईक. त्या दिवशी त्यांनी कापड पाहिलेच नाही. गल्ल्यासमोर बसून म्हणाले, "शेठ, पोरगी अभ्यासात चांगली आहे, पण नीटमध्ये नंबर लागत नाही. खाजगी कॉलेजची फी आपल्याच्यानं होणार नाही. आता शिकवणं थांबवू काय?"

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. कारण हाच प्रश्न पूर्वी आमच्या घरात उभा राहिला होता आणि आम्ही त्याचे चुकीचे उत्तर दिले होते.

घरची चूक

आमच्या थोरल्या मुलाला बारावी सायन्सनंतर एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला नाही. त्याच सुमारास परगावच्या एका संस्थेची जाहिरात आमच्या वाचनात आली. एका वर्षात लॅबचे मालक व्हा, असा तिचा एकूण सूर होता. तागा घेताना किनार उलटून पाहणारे, पन्हा मोजणारे, सूत जाळून त्याचा वास घेणारे आम्ही. पण मुलाची फी मात्र रोख मोजून दिली. पावती घेतली, मान्यता विचारली नाही. वर्षभराने मुलगा प्रमाणपत्र घेऊन एका रुग्णालयात नोकरीसाठी गेला. ही संस्था कोणत्या विद्यापीठाशी किंवा मंडळाशी संलग्न आहे, असे तेथे विचारले गेले. ती कोणाशीच संलग्न नव्हती. मुलगा मुकाट्याने येऊन दुकानात बसला. आज तो धंदा उत्तम सांभाळतो. पण घरात कोणाचा रक्ताचा रिपोर्ट आला की अजून तो एकेक आकडा वाचत बसतो, हे आम्हाला दिसते.

ज्या मालाची आपल्याला पारख नाही तो माल उचलू नये, हा धंद्याचा पहिला नियम. शिक्षणाच्या बाबतीत आपण तोच विसरतो. "डॉक्टर नाही तर दुकान" हा हिशेबही चुकीचा आहे. या दोहोंच्या मध्ये एक मोठा रस्ता आहे आणि त्याचे नाव जैववैद्यकीय विज्ञान, म्हणजे बायोमेडिकल सायन्स. या रस्त्याची जी माहिती आम्ही उशिरा मिळवली, ती व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

हे शास्त्र आहे तरी काय?

डॉक्टर रोग्याला तपासतो. या शास्त्राचा माणूस रोगाला तपासतो. रक्तात साखर किती, लघवीत जंतू कोणता, त्या जंतूवर कोणते औषध लागू पडते, गाठ साधी की कर्करोगाची, लस बाटलीत भरण्यापूर्वी निर्धोक आहे की नाही, ही कामे प्रयोगशाळेत होतात. त्यासाठी शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, आनुवंशिकी आणि औषधशास्त्र असे विषय शिकावे लागतात. बायोमेडिकल इंजिनिअरिंग ही वेगळी शाखा आहे. तीत रुग्णालयातील यंत्रे बनविणे आणि दुरुस्त करणे शिकवतात. नाव सारखे वाटते म्हणून फसू नये.

बायोमेडिकल सायन्स याच नावाची बी.एस्सी. ऑनर्स पदवी दिल्ली विद्यापीठाच्या आचार्य नरेंद्र देव कॉलेजसारख्या काही महाविद्यालयांत आहे. तेथील प्रवेश २०२२ पासून सी.यू.ई.टी. या परीक्षेतून होतात. पण त्यासाठी प्रत्येकाने दिल्लीच गाठली पाहिजे असे नाही. हाच माल आपल्या गावात दुसऱ्या नावाने मिळतो. १९६२ साली स्थापन झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या अखत्यारीतील महाविद्यालयांत बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेता येते. पुढे विद्यापीठाच्या आवारातच सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान या विषयांची एम.एस्सी. करता येते.

दुसरी वाट तंत्रज्ञाची. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची शाखा आहे आणि अखेरीस रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावे लागते. मान्यताप्राप्त संस्थेचा डी.एम.एल.टी. हा त्याहून लहान अभ्यासक्रम. या सर्वांसाठी बारावी सायन्सला जीवशास्त्र घेतलेले असले म्हणजे दार उघडे राहते. म्हणून निर्णयाची वेळ बारावीनंतर नसून दहावीनंतर आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

काम कोठे मिळते?

पहिले ठिकाण रुग्णालयाची प्रयोगशाळा आणि रक्तपेढी. दुसरे, औषधे आणि लसी बनविणारे कारखाने. तेथे प्रत्येक खेप बाहेर जाण्यापूर्वी तपासणारा विभाग असतो आणि त्यात सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र शिकलेली मुले-मुली लागतात. तिसरे, तपासणीची किट बनविणाऱ्या कंपन्या. चौथे, दूध, अन्न आणि पाणी यांची तपासणी. आपल्या जिल्ह्यात दूधधंदा केवढा मोठा आहे हे सांगायला नको. पाचवे, संशोधन. पुण्यात १९५२ साली सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे.

कोरोनाच्या वर्षी या लोकांची किंमत साऱ्या देशाला कळली. २०२० साली विषाणू वेगळा करण्याचे काम पुण्याच्या याच संस्थेत झाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या तपासणी किटला मान्यता मिळाली. ते किट बनविणाऱ्या चमूच्या प्रमुख मिनल दाखवे भोसले या विषाणुशास्त्रज्ञ होत्या. त्या वेळी त्या गरोदर होत्या. किट तपासणीसाठी सुपूर्द केले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मुलगी झाली. मुलीला एवढे शिकवून काय करायचे, असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण घरी जरूर सांगावे.

आमच्या कापडाच्या धंद्यालाही त्या वर्षी या शास्त्राचा दरवाजा ठोठवावा लागला. पीपीई किटचे कापड नुसते जाड असून भागत नव्हते. कृत्रिम रक्त दाबाखाली त्यातून झिरपते की नाही, याची चाचणी पास करावी लागे. कोइंबतूरची सिट्रा ही कापड संशोधन संस्था ती चाचणी करीत असे. बँडेज, गॉज, शस्त्रक्रियेचे गाऊन हे सर्व शेवटी कापडच आहे. ज्या कापडवाल्याच्या घरात जंतू म्हणजे काय हे जाणणारा एक माणूस असेल, त्याला या मालाचा धंदा सोपा जाईल.

व्यापारी घराला हे परके नाही

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला भीत होते. त्या वेळी तरुण असलेल्या तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर स्वतः लस घेतली, आपल्या खोजा समाजाला ती घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही इमारत दिली. खोजा समाज मुख्यतः व्यापाऱ्यांचा. म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या पायात व्यापारी समाजाचाही हातभार आहे.

१९३५ साली मुंबईत सिप्ला कंपनी काढणारे ख्वाजा अब्दुल हमीद हे आधी रसायनशास्त्र शिकले, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आले आणि मग कारखानदार झाले. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी केंब्रिजला रसायनशास्त्रातच पीएच.डी. केली. २००१ साली एड्सची औषधे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी खर्चात देण्याची तयारी याच कंपनीने दाखविली आणि जगातील औषधांचे भाव हलले. पुण्याच्या पूनावाला घराण्याचा व्यवसाय शर्यतीच्या घोड्यांचा. त्यांचे निवृत्त घोडे सिरम काढण्यासाठी हाफकिनकडे जात. ते पाहून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सिरम इन्स्टिट्यूट काढली. या घराण्यांनी विद्या आणि धंदा यांना वेगळे मानले नाही.

खोटा वायदा नको

या रस्त्यावरचे खड्डेही सांगितले पाहिजेत. पहिली गोष्ट, या पदवीने कोणी डॉक्टर होत नाही. दुसरी, नुसत्या बी.एस्सी.वर सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. चांगल्या जागेसाठी एम.एस्सी. लागते आणि संशोधनासाठी पीएच.डी. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षे, आणि पीएच.डी. धरल्यास त्यापुढे आणखी चार-पाच वर्षे धीर धरावा लागतो. मात्र नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पीएच.डी. करताना दरमहा विद्यावेतन मिळते. जानेवारी २०२३ पासून ते पहिल्या दोन वर्षांसाठी ३७,००० रुपये करण्यात आले.

तिसरी गोष्ट लॅबच्या धंद्याची. मुलाला डी.एम.एल.टी. करून लॅब टाकून देऊ, असे अनेक बंधू म्हणतात. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा तंत्रज्ञाने एकट्याच्या सहीवर दुकान चालविण्याचा विचार सोडून द्यावा. डॉक्टरबरोबर रीतसर लेखी करार करून, नियम विचारूनच भांडवल घालावे. दुसऱ्या बाजूने, २०२१ साली केंद्राने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला आणि त्यात प्रयोगशाळेतील व्यवसायांना वेगळा वर्ग मिळाला. म्हणजे यापुढे खऱ्या पदवीची किंमत वाढणार आणि खोट्या प्रमाणपत्राची उरणार नाही.

परदेशाचा विचार असेल तर तेथेही पारख हवी. इंग्लंडमध्ये रुग्णालयात बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणून काम करायचे तर एच.सी.पी.सी. या संस्थेकडे नोंदणी लागते. नावात बायोमेडिकल आहे म्हणून प्रत्येक पदवी त्या नोंदणीला चालतेच असे नाही.

पैसे भरण्यापूर्वी

आमच्या ठेचेवरून शिकून हे पाच प्रश्न काढले आहेत. पदवी कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची? त्या विद्यापीठाच्या यादीत या संस्थेचे नाव आहे काय? मुलांना प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत शिकवितात? मागील वर्षी बाहेर पडलेल्या चार मुलांना भेटता येईल काय? या पदवीवर पुढचे शिक्षण घेता येते काय? एकाही प्रश्नाचे उत्तर टाळले गेले तर खिशातला हात बाहेर काढू नये.

फीचेही पाहावे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी आणि इतर काही वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले. बागवान, मोमीन, तांबोळी, पिंजारी अशा आपल्यातील अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेवर काढलेले नसतात, म्हणून सवलत हातची जाते. आपण निवडलेला अभ्यासक्रम त्यात बसतो की नाही, हे महाविद्यालयाच्या कचेरीत आधीच विचारून घ्यावे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करावी.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी एक शब्द. आम्ही शाळेत जे "खलिया" म्हणून शिकलो, ते मराठीत पेशी आणि इंग्रजीत सेल. आमच्या धंद्यात सेल म्हणजे सणानंतर उरलेला माल! अकरावीला सगळे शास्त्र एकदम इंग्रजीत येते आणि हुशार मूलही गडबडून जाते. ते विषयाला नव्हे, शब्दांना घाबरते. आठवीपासूनच एका वहीत तीन रकाने पाडून उर्दू, मराठी आणि इंग्रजी शब्द शेजारी शेजारी लिहायला लावावेत. आमच्या पुतणीने हेच केले. तिने कोल्हापुरातच सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केली आणि आज ती पुण्यात एका औषध कंपनीच्या तपासणी विभागात नोकरी करते.

१९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी पुढाकार घेऊन मुस्लिम बोर्डिंगची सोय केली, ती खेड्यापाड्यातील मुलाला शहरात राहून शिकता यावे म्हणून. आज शिक्षण गावात आहे, दवाखाना गावात आहे, विद्यापीठ गावात आहे. कमी आहे ती पालकाला माहितीची.

त्या शिंपी भाईंना आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले आणि पुतणीशी फोनवर बोलणे करून दिले. त्यांच्या मुलीने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. परवा ते अस्तर न्यायला आले तेव्हा सांगत होते, पोरगी घरी आली की आधी साबणाने हात धुवायला लावते आणि दूध का नासते ते आईला समजावून सांगते. तिला अजून पुष्कळ शिकायचे आहे. पण तिचे शिक्षण थांबले नाही, याचे आम्हाला समाधान आहे. आपल्याही पेढीवर, कारखान्यावर असा एखादा बाप येईल. त्याला नुसती "दुकानात बसव" अशी सल्ला देऊन परत पाठवू नये.